पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते चंद्रपूरजवळच्या राजुऱ्याच्या एका टेलरचे. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो, मीही चाचाच म्हणतो. ते मला बाबू म्हणतात. ते मुसलमान, मी बौद्ध वस्तीतला. आमची ओळख झाली ती मी अकरावीत असताना. एका संध्याकाळी माझ्या गावाची शेवटची बस निघून गेली आणि मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर पुस्तक उघडून बसलो. त्यांनी मला उठवलं नाही. दुकान बंद करताना म्हणाले, "मागच्या खोलीत बल्ब आहे. इथी अंधारात डोळे काऊन फोडून राह्यला?" त्या मागच्या खोलीत मी बी.एस्सी. होईपर्यंत राहिलो. मी भाड्याचा विषय काढला की चाची, म्हणजे त्यांच्या घरच्या, ताट वाढायला घ्यायच्या.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बारावीत असताना बाबा गेले आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला आई. निकाल लागला तेव्हा मार्कशीट दाखवायला घरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती चाचांना दाखवली. त्यांनी आधी हात धुतले, पुसले आणि मग कागद घेतला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. तरी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "पास लिहिलं ते कुठी आहे?" मी बोट ठेवलं. त्या जागेकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

पुढे रक्त तपासण्याचा कोर्स केला आणि गडचिरोलीकडे धानोऱ्याच्या दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली. धानोरा जंगलातलं. दुपारनंतर ओपीडी संपते, बाहेरगावचे लोक मिळेल त्या गाडीनं परततात आणि आवारात निंबाच्या झाडाखाली नुसती सावली उरते. माझं क्वार्टर अगदी टोकाला आहे. भाजी एकट्यासाठी करायची म्हणजे दोन वांगी. सुरुवातीला मी रेडिओ लावायचो, मग तोही कंटाळवाणा झाला. आठवड्यातून दोन-तीन वेळा चाचांचा फोन यायचा. मागून कोळशाच्या ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे. ते ओरडून काहीतरी विचारायचे, मी ओरडून उत्तर द्यायचो. फोन ठेवला की खोली आधीपेक्षा जास्त शांत वाटायची.

आमच्याकडे पावसाळ्यात साप चावलेले रोगी येतात. कोणता साप होता हे बहुतेकांना सांगता येत नाही. मग एका कोरड्या काचेच्या नळीत रोग्याचं रक्त घ्यायचं आणि नळी वीस मिनिटं हात न लावता उभी ठेवायची. नंतर हलकेच तिरपी करायची. रक्त गोठून नळीला धरून राहिलं तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर विषानं रक्ताची गोठायची ताकद नेली आहे, ताबडतोब इंजेक्शन द्यायचं. त्या वीस मिनिटांत नातेवाईक दाराशी उभे असतात आणि नळीकडे बघत असतात. त्यामुळे माझ्या मनात गोठलेलं रक्त म्हणजे चांगली बातमी, असं पक्कं बसलं होतं. गोठलेल्या रक्तानंही माणूस जातो हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते आपल्या माणसाच्या बाबतीत कधी डोक्यात आलं नाही.

चाचांचं दुकान रस्त्याला लागून आहे. खाणीकडून येणारे ट्रक दारावरून जातात. उन्हाळ्यात टेबलावर बोट फिरवलं की बोट काळं होतं. त्यावर चाचांचे ठरलेले उपाय होते. दारासमोर दिवसातून कितीदा तरी पाणी शिंपडायचं, दाराला ओलं बारदान लावायचं आणि संध्याकाळी गुळाचा खडा खायचा. खाणीतले, लोडिंगवरचे सगळेच गूळ खातात. गुळानं छातीतली धूळ निघून जाते असं सगळे मानतात. इस्त्री कोळशाची. ती पेटवायला ते तिच्यात तोंडानं फुंकर मारायचे. धूर डोळ्यांत गेला की हसायचे. खोकला मात्र त्यांना कधी नव्हता. गिऱ्हाइकांना ते अभिमानानं सांगायचे, "एवढे वर्ष झाले इथी बसून, एक ढास नाई."

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, सकाळी, चाचींचा फोन आला. थंडीत तिथं धूर वर जात नाही. घरोघरच्या शेगड्यांचा, ट्रकचा, कारखान्यांच्या चिमण्यांचा, सगळा धूर खालीच राहतो आणि ऊन वर येईपर्यंत रस्त्यावर दुलईसारखा पसरलेला असतो. चाचा इस्त्री पेटवत असताना त्यांच्या जबड्यात आणि डाव्या हातात कळ आली, घाम सुटला. गॅस झाला म्हणून ओवा खाल्ला, गरम पाणी प्याले. शेजारच्या चहावाल्यानं गाडीत घालून चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. मी बसनं पोचलो तोवर हृदयाच्या नळीतली गुठळी काढून आत बारीक जाळी बसवून झाली होती. चाचा पडून होते. मला बघून म्हणाले, "कोणाच्या भरोशावर सोडून आला बे लॅब?"

डॉक्टरांनी विचारलं, बिडी पितात का. चाची म्हणाल्या, "बिडी नाई, तंबाकू नाई. कोणी समोर खर्रा खाल्ला तरी यायले राग येते. एक्सरे काढला, छाती साफ आहे म्हनले. मंग कशानं झालं?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी चाचांचं वय विचारलं, बीपी किती असतं ते विचारलं आणि मग विचारलं, "दिवसभर कुठं बसतात?" चाचींनी दुकान सांगितलं. ते म्हणाले, "छाती साफ दिसली म्हणजे हवेनं काही केलं नाही असं नसतं." एवढं बोलून ते पुढच्या रोग्याकडे गेले.

चाचा घरी आल्यावर मी रजा टाकून चार दिवस राजुऱ्याला राहिलो. एका दुपारी ते खाटेवर बसून म्हणाले, "मले एक गोष्ट समजून नाई राह्यली. धूळ नाकात जाते, छातीत जाते. दिलात कशी जाईन?"

मी म्हणालो, "तुम्ही पाणी शिंपडून बसवता ती जाडी धूळ, चाचा. ती नाकात आणि घशात अडकते, थुंकीतून पडते. डिझेलच्या आणि कोळशाच्या धुरातले कण त्याच्यापेक्षा खूप बारीक. ते दिसत नाहीत. बारदानानंही अडत नाहीत. ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथं शरीर त्यांच्याशी भांडायला लागतं, सूज येते. ती सूज तिथंच राहत नाही, तिचा असर रक्तात उतरतो. काही अगदीच बारीक कण तर खुद्द रक्तात उतरतात."

"उतरून काय करतेत?"

"रक्तात गुठळी करणाऱ्या बारीक चकत्या असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात, म्हणून रक्त थांबतं. अशी हवा रोज आत गेली की त्या जखम नसतानाही चिकट होतात. नळीचं आतलं अस्तर खराब होतं. त्यात चरबी साठलेली असली, ती फुटली, की तिथं गुठळी बसते."

चाचा 'अस्तर' या शब्दावर थांबले. "अस्तर खराब तं कोट गेला," ते म्हणाले. "वरून कितीही चांगला दिसो." मग थोडा विचार करून म्हणाले, "मंग गूळ?"

"गुळानं घसा ओला होतो, बस."

"म्हणजे एवढे वर्ष मी फुकटच गूळ खाल्ला?"

"फुकट कुठी?" चाची आतून म्हणाल्या. "शुगर वाढली ना."

मी त्यांना हेही सांगितलं की तुमची गुठळी नेमकी धुरामुळेच झाली असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. वय होतं, बीपी होतं, शुगर होती. हवा त्यांच्यात मिळते आणि धोका वाढवते, एवढंच खरं. चाचांना हे उत्तर आवडलं नाही. कपडा आखूड झाला तर माप चुकलं की कात्री चुकली, हे त्यांना ठरवून हवं असतं.

डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या म्हणतात त्या दोन गोळ्या दिल्या होत्या. खरं तर त्या रक्त पातळ करत नाहीत, चकत्यांचा चिकटपणा कमी करतात. निदान वर्षभर एकही दिवस चुकवायची नाही, नाहीतर नव्या जाळीतच गुठळी होईल, असं बजावलं होतं. मी पाकिटांवर मराठीत लिहून दिलं आणि धानोऱ्याला परत आलो. फोनवर विचारायचो, गोळ्या चालू आहेत ना? "चालू आहेत," ते म्हणायचे. मागून ट्रकचे हॉर्न यायचे.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात मी राजुऱ्याला गेलो. तेव्हा चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला जायला आमच्या वस्तीतले लोक पांढरे कपडे शिवून घेतात. ज्याला जमेल तो नवा शर्ट घेतो आणि तो चाचांकडेच शिवतो. आमची ओळख व्हायच्या आधीपासून असंच आहे. दुकानात पांढऱ्या कापडाचा ढीग होता. चाचा काजं करत होते. सुई बोटात टोचली, त्यांनी बोट तोंडात घातलं, बाहेर काढलं, रक्त लगेच थांबलं. मी ते पाहिलं. लॅबमध्ये काम करणाऱ्याची नजर अशा ठिकाणी जाते. दोन्ही गोळ्या घेणाऱ्या माणसाचं रक्त इतक्या चटकन थांबत नाही.

"चाचा, गोळ्या घेता ना?"

"घेतो ना."

मागून चाची म्हणाल्या, "खोटं नका बोलू. मोहरमनंतर खाऊनच नाई राह्यले."

चाचांनी हातातला शर्ट खाली ठेवला. मला वाटलं चिडतील. ते नुसते शर्टाकडे पाहत होते. म्हणाले, "गोळी खाल्ली की सुई टोचली तरी रक्त थांबतच नाई, बाबू. दोन शर्टाले डाग पडले. पांढऱ्यावर लाल. रंगीत असता तं काई नाई."

"डाग धुतला जातो."

"जाते. आपल्या रक्ताले आपलीच थुंकी लावली की जाते, हे कोणत्याही टेलरले माहीत आहे. पन थुका लावलेला शर्ट घालून तुमचे लोक दीक्षाभूमीवर जातीन? मी देऊ तसा?"

हा माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेच्या कपड्याला डाग लागू नये म्हणून स्वतःचं औषध बंद करून बसला होता. त्याला चूक म्हणवत नव्हतं आणि तसंच सोडून जायला धीर नव्हता. तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या एक म्हाताऱ्या बाई नातवाचा शर्ट न्यायला आल्या. त्यांनी दारातूनच सगळं ऐकलं होतं.

"डाग पडला तं पडला," त्या म्हणाल्या. "साबन कशाले आहे? तुमी गेले तं शिवीन कोन? त्या मोबाईलवाल्याच्या बाजूच्या टेलरकडे जाऊ? त्याची बाही तं बगलेतच फाटते."

चाचा हसले. म्हणाले, "बाई, तुमाले माह्या जिवाची नाई, बाहीची काळजी आहे."

"दोन्हीची आहे. गोळी घ्या."

त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर गोळी घेतली. हातानं करायची सगळी कामं, काजं, बटणं, तुरपाई, चाचींकडे गेली. चाचांनी फक्त कात्री आणि मशीन धरायचं ठरलं. चाचींची बटणं वाकडी बसतात, यावरून रोज भांडण व्हायचं. मी मात्र आणखी एक गोष्ट मागितली होती, मशीन रस्त्यावरून उचलून मागं न्यायची. तिला ते तयार झाले नाहीत. "मागं बसलो तं लोकाले वाटन गेलो मी," एवढंच म्हणाले.

त्या हिवाळ्यात मला फोनची भीती वाटायला लागली. सकाळी फोन वाजला की नंबर पाहण्याआधीच मी नागपूरच्या बसची वेळ आठवायचो. लॅबमध्ये नळी उभी करून बसलो की मनात राजुऱ्याचा रस्ता यायचा. इथं माझ्या खिडकीबाहेर सागाची झाडं, स्वच्छ हवा, एवढी की सकाळी दूरचा डोंगर बोटानं शिवावा असा जवळ दिसतो. ती हवा मी एकटा घेत होतो. कधी कधी ते मला अन्यायासारखं वाटायचं.

म्हणून मी हट्ट धरला. ईद झाली की धानोऱ्याला या, महिनाभर राहा, हवा बदलेल. चाची भाचीच्या बाळंतपणाला बल्लारशाला जाणार होत्या, म्हणून चाचा तयार झाले. आजारपण सोडलं तर शिलाई मशीनशिवायचे चाचा मी पहिल्यांदाच पाहिले. बसमधून उतरले तेव्हा हातात पिशवी आणि पिशवीत दोन्ही गोळ्यांची पाकिटं. मला ती त्यांनी आधी दाखवली, मग सलाम केला.

एक गोष्ट मी विसरलो होतो. ते मोहाच्या फुलांचे दिवस होते. फुलं पहाटे गळतात, ती वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. असं इथं आधीपासून चालत आलं आहे, आणि फुलं वेचणाऱ्याला दुसरा सोपा मार्ग नाही. पण कुठंकुठं आग पुढं जंगलात सरकते. चाचा आले त्याच आठवड्यात तीन बाजूंनी धूर होता. डोंगर दिसेनासा झाला. सकाळी अंगणात पांढरी राख पडलेली असायची. पाल्याचा धूरही त्याच बारीक कणांचा, हे मला चांगलंच माहीत होतं.

चाचा ओट्यावर बसून नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हे काय बाबू? तू तं म्हनला होता इथी हवा साफ आहे."

"एरवी असते, चाचा. खरंच असते."

"तुह्या या धुरापेक्षा आमचे ट्रक बरे. निदान ते रविवारी कमी असते."

मी खिडक्या बंद करून ओले पडदे लावले. मग मला एकदम हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं, कारण ते बारदानासारखंच होतं. धूर आठ-दहा दिवसांत ओसरला. डोंगर परत दिसायला लागला. मला वाटलं, आता ते राहतील. पण मी दिवसभर लॅबमध्ये असायचो आणि चाचा ओट्यावर. तिथून जाणारे लोक थोडे, ओळखीचे कुणीच नाहीत. ते निंबाखाली बसलेल्या रोग्यांचे कपडे पाहत बसायचे. एका संध्याकाळी मी आलो तेव्हा ते एका अनोळखी म्हाताऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होते. बोटाला चिंधी गुंडाळली होती. चिंधी लाल झाली होती. म्हणजे गोळ्या चालू होत्या. मला इतकं बरं वाटलं की त्यांच्या हातातली सुई काढून घ्यायचंही राहून गेलं.

जेवताना ते म्हणाले, "बाबू, नाराज नको होऊ. हवा साफ झाली, मान्य आहे. पन इथी कोणी बोलतच नाई रे. तू कसा राह्यतो?"

मी म्हणालो, सवय झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून भात कालवला. दोन दिवसांनी मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. परत आलो तर क्वार्टरमध्ये त्यांनी माझे दोन्ही शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवले होते. त्या रात्री मी त्यांना पत्र लिहिलं. फोनवर ट्रक बोलू देत नाहीत, म्हणून पत्र. चाचा मराठी हळूहळू वाचतात, त्यामुळे अक्षरं मोठी काढली. ते असं होतं:

"चाचा, सलाम.

तुम्ही नीट पोचलात हे चाचींनी बल्लारशाहून कळवलं. तुम्ही गेलात ते बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला पुन्हा इथं येऊन राहा असंही म्हणणार नाही. तुमचा जीव तिथं रमतो, तो मी इथून उपटून आणू शकत नाही, हे मला समजलं. रमलेला जीव चांगला की साफ हवा चांगली, हे लॅबमध्ये तपासता येत नाही.

मशीन रस्त्यावरच राहू द्या. मात्र थंडीच्या दिवसांत ऊन वर येईपर्यंत दुकान उघडू नका. लोक थांबतील, तुमच्यासाठी नेहमी थांबतात. इस्त्री विजेची घ्या. जड लागते म्हणाल, पण तिच्यात फुंकर मारावी लागत नाही. छातीत, जबड्यात किंवा हातात कळ आली तर ओवा खात बसू नका, चहावाल्या भाऊंना हाक मारा. शौचाला काळं झालं किंवा रक्त कुठूनही थांबेना तर मला किंवा डॉक्टरांना कळवा, मनानं गोळी बंद करू नका.

मी बदलीचा अर्ज केला आहे. राजुऱ्याकडे मागितली आहे. मिळेल की नाही माहीत नाही. तिथली हवा मला माहीत आहे. तरी मागितली आहे. तुम्ही विचारलं होतं, तू कसा राहतो. मी सवय झाली म्हणालो ते खरं नव्हतं.

मी शिकलो, नोकरीला लागलो, लोक मला साहेब म्हणतात. हे सगळं तुमच्यामुळे झालं असं मी तुम्हाला कधी तोंडानं सांगितलं नाही, कारण तुम्ही विषय बदलता. आता कागदावर बदलता येणार नाही. आईबाबा गेल्यावर मी कुणाकडे काही मागितलं नाही, मागायला कुणी नव्हतं. तुमच्याकडे मागतो आहे. कुणाचा शर्ट असो, कोणता सण असो, गोळ्या रोज घ्या. पिवळी सकाळी नाश्त्यानंतर, गुलाबी रात्री जेवल्यावर. उपाशीपोटी नको.

तुमचा,
बाबू"